पुढची डावी स्प्रिंग

आमच्या मामांना वर्कशॉपच्या गल्लीत 'किंचित' म्हणतात. तोंडावर मिस्त्री, पाठ वळली की किंचित. गाडी उजवीकडे ओढते का? किंचित. चहा गार झाला का? किंचित. एकदा शेजारच्या वेल्डरच्या शेडला आग लागली, तेव्हा मामा हातातला पाना टाकून धावले आणि ओरडले, "अरे, तुझं किंचित पेटलंय!" वेल्डर ती गोष्ट अजून सांगतो. सांगताना मामांसारखी मान डाव्या खांद्यावर टाकतो, पण आवाज त्याला साधत नाही. तो आवाज नाकातून निघतो आणि शेवटचं अक्षर घशात परत जातं. मला तो येतो. मी काढला की मामी पोट धरून हसायच्या आणि म्हणायच्या, "पुन्हा कर! आणि जॅक सोडण्याआधी खोकतात ते राहिलं!"

मामा आता तो शब्द वापरत नाहीत. गल्लीने नाव सोडलेलं नाही, पण शब्द गेला. गाडी किती झुकलीय असं कोणी विचारलं तर ते टेप काढतात, चष्मा चढवतात आणि आकडा सांगतात.

मामांचं काम गाडीच्या पायांचं. इंजिनाला ते हात लावत नाहीत. "इंजिन म्हणजे डोकं. डोक्याचे रोग डोकेबाजांनी बघावेत, आपण पायाचे वैद्य." दुकान म्हणजे एक लांबट खोली, पुढे शटर, मध्ये जमिनीत खड्डा, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या जुन्या स्प्रिंगा. गिऱ्हाईक बहुतेक पिकअपवाली तरणीताठी पोरं. त्यांना गाडी उंच हवी असते. का हवी, ते त्यांनाही सांगता येत नाही.

"मिस्त्री, पुढून नाक असं वर पाहिजे, असं, की पुढच्या गाडीवाल्याने आरशात बघितलं की आपोआप बाजूला झाला पाहिजे!"

"किती वर?"

"चार इंच!"

"मागे काय भरतोस?"

"काही नाही."

"पुढे काय बसवणार?"

"काही नाही."

"मग स्प्रिंग कशाला? शिडी घे."

पण करून द्यायचे. आधी मडगार्डवर डावा तळहात ठेवायचे आणि तीनदा दाबायचे. दाबून हात उचलायचा आणि बघायचं. गाडी वर येऊन तिथंच थांबली तर स्प्रिंगचा झोका आवरणारा शॉकअप जिवंत. आणखी एक हेलकावा खाल्ला तर म्हातारा. दोन खाल्ले तर त्याच्या नावाने आंघोळ करा. मग जमिनीवर उकिडवं बसून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावायची. गिऱ्हाईक काय सांगतं ते ऐकून घ्यायचं, पण मानायचं नाही. "गिऱ्हाईक खोटं बोलतं. स्प्रिंगला तोंडच नाही." हा त्यांचा पहिला नियम.

दुसरा नियम असा: स्प्रिंग बसते, उठत नाही. नवी असली की पहिल्या काही आठवड्यांत थोडी बसते, मग वर्षानुवर्षं हळूहळू बसत जाते. आपणहून उठलेली स्प्रिंग जगात कोणी पाहिलेली नाही. हे वाक्य मामा दुकानात म्हणायचे, जेवताना म्हणायचे, कोणा नातेवाइकाच्या उतरत्या धंद्याचा विषय निघाला तरी म्हणायचे. त्यांनी "स्प्रिंग" एवढंच म्हटलं की मामी भांडी लावता लावता उरलेलं पुरं करायच्या, "...बसते, उठत नाही. भाजी वाढू?"

मामींचा आवाज अख्ख्या शहराला पाठ होता. बसस्टँडवर भोंग्यातून गाड्या पुकारायचं काम त्यांनी वीस वर्षं केलं. घरातला त्यांचा आवाज खरखरीत, चेष्टेखोर, मध्येच फुटणारा. भोंग्यातला मात्र इस्त्री केलेला. बाहेर दंगल होवो की छप्पर गळो, "तीन नंबरच्या फलाटावरील गाडी वीस मिनिटं उशिरा सुटेल" हे त्या अशा थाटात सांगायच्या की लोकांना वाटायचं, उशीर झाला हे बरंच झालं. मामी "रद्द" म्हणाल्या की गाडी रद्द असायची. त्यात बदल नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांचं गाठीचं दुखणं पाठीच्या मणक्यांत उतरलं. मोठं इस्पितळ दीड तासावर. दर बुधवारी जायचं, सलाइनमधून औषध घ्यायचं, परत यायचं. अशा बारा फेऱ्या डॉक्टरांनी सांगितल्या. आणि नेमका त्याच वर्षी नदीवरचा पूल दुरुस्तीला बंद. वळसा खाणीकडून, म्हणजे चार किलोमीटर नुसती फोडलेली खडी आणि मधूनमधून फणसाएवढे दगड. शेजारचे मास्तर एकदा आपली कार घेऊन त्या वाटेने गेले, ते इंजिनाच्या तेलाचं भांडं फोडून, कार दुसऱ्या गाडीला दोरीने बांधून परत आले. तिथून जायला उंच गाडीच हवी.

मामांकडे होती. त्यांची स्वतःची पिकअप, दुकानाची जिवंत पाटी. पुढे लोखंडी बंपर, बंपरवर गाड्या ओढायचं विंच, खाली भारीतली भारी कॉइल स्प्रिंग, शॉकअपही तसलेच. तीन इंच वर. पोरं येऊन तिच्यापुढे फोटो काढायची. पण भारी स्प्रिंग हवी असते वजन पेलायला. ती दगडाला दाद देत नाही, सगळा दगड वर पाठवते, आणि वर सीटवर मामी.

दुसऱ्या बुधवारी परत आल्यावर मामी उतरल्या नाहीत. दार उघडं, पाय बाहेर, हात गुडघ्यांवर. मामा समोर उभे.

"उतरतेस ना?"

"थांबा. मणके मागून येतायत. खाणीपाशी राहिलेत."

मामा हसले. मामी हसल्या नाहीत.

"पुढच्या बुधवारी मी येणार नाही."

"असं कसं? बारा सांगितल्यात डॉक्टरांनी."

"मग डॉक्टरांना बसवा या गाडीत बारा वेळा. औषध अंगात जायच्या आत अंगच फुटतंय. घरी पडून राहीन. व्हायचं ते होईल. त्या खडीवरून मी पुन्हा नाही जायची."

त्या असं उगाच बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. रद्द म्हणजे रद्द. मामांच्या हातात सहा दिवस होते.

उंची सोडता येत नव्हती, नाहीतर मास्तरांच्या गाडीसारखी गत. आणि मऊपणा तर हवाच होता. उंच आणि मऊ ही दोन सोयरी एका घरात नांदत नाहीत, असं मामाच पोरांना सांगत आले होते. उंच मऊ स्प्रिंगवर वजन टाकलं की ती मान टाकते आणि उंचीच जाते. मामा खड्ड्यात उतरले, पिकअपच्या पोटाखाली स्टूल टाकून बसले आणि दुपारभर नुसते वर बघत राहिले. वेल्डर डोकावून म्हणाला, "काय मिस्त्री, मुहूर्त बघताय?"

संध्याकाळी ते सुट्या भागांच्या दुकानात गेले. तिथल्या माणसाला सगळे 'कॅटलॉग' म्हणतात. तो बोलायला लागला की पान उलटल्यासारखं वाटतं.

"कॉइल स्प्रिंग, पुढची, तीन प्रकारांत उपलब्ध. हलकी, मध्यम, भारी. भारी घ्या. भारीला तोड नाही."

"हलकी दे. लांब, पण हलकी."

"हलकी? मिस्त्री, तुमच्या नाकावर बंपर, विंच, नव्वद किलो! हलकी घातलीत तर गाडी जमीन हुंगत चालेल, मुंगसासारखी."

"बंपर काढतोय. विंचही."

कॅटलॉगने चष्मा काढून पुसला. "ते बंपर बघून तर लोक तुमच्याकडे येतात."

"मग आता माझं तोंड बघून येतील."

"बरं. मग पुढे वजन काय धरू?"

"बायको."

"अं?"

"पुढे बायको बसणार. डाव्या बाजूला. तेवढं धर."

कॅटलॉगच्या कॅटलॉगात हा रकाना नव्हता. त्याने उगाच दोन पानं चाळली. "किती... म्हणजे किलोत?"

कुठल्या गाडीच्या पुढच्या चाकांवर किती वजन येतं ते मामांना झोपेत विचारा. हे माहीत नव्हतं.

घरी येऊन विचारलं तर मामी पलंगावरूनच म्हणाल्या, "सव्वीस वर्षांत आज आठवण झाली होय? सांगा तुमच्या कॅटलॉगला, लग्नात होतं त्याहून जास्त, मागच्या वर्षी होतं त्याहून कमी." मग स्वतःच वजनकाटा ओढून वर उभ्या राहिल्या. अठ्ठावन्न.

बंपर आणि विंच उतरलं. वेल्डरने ते ओढत नेताना "मिस्त्रींची मिशी उतरली" असं गल्लीभर केलं. नव्या स्प्रिंगा बारीक तारेच्या, पण उभ्या ठेवल्या तर जुन्यांपेक्षा लांब. नाकावरचे नव्वद किलो गेल्यामुळे त्यांनी मान टाकली नाही. उंची राहिली आणि अंग मऊ झालं. शॉकअप मामांनी जुनेच ठेवले. कॅटलॉग म्हणाला होता, "भारी स्प्रिंगचे शॉकअप हलकीला देऊ नयेत, सूचना पान नऊ." मामा म्हणाले, "तीन महिन्यांचे आहेत. लांबीला बरोबर आहेत. चाक खाली लोंबलं तरी पुरतात, वर दबलं तरी आपटत नाहीत. मला शिकवतोस?" आणि मडगार्डवर तळहात ठेवून तीनदा दाबलं. गाडी मांजरासारखी खाली गेली, वर आली, थांबली.

बुधवारी मामी बसल्या. कुरकुर केली, पण बसल्या. परत आल्यावर मामांनी इंजिन बंद करायच्या आत विचारलं, "कशी?"

"मस्त. लोण्यावरून गेल्यासारखी."

मामा त्या दिवशी गल्लीत वेल्डरला, चहावाल्याला, कॅटलॉगला, जो भेटेल त्याला लोणी वाटत फिरले. आई आणि मी तेव्हा मामींच्या मदतीला त्यांच्याच घरी होतो, आम्ही तो "मस्त" ऐकला होता. तो घरातला आवाज नव्हता, भोंग्यातला होता. आईने माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनीच गप्प केलं.

असे तीन बुधवार गेले. मग मामांनी एका दुपारी गाडी आतून पुसायला घेतली. डाव्या दाराच्या वर, छताला, हाताने धरायचं हँडल असतं. फडकं लागताच ते हललं. दोन्ही स्क्रू सुटत आले होते आणि छताचं पुठ्ठ्यासारखं अस्तर भोकांपाशी फाटलं होतं. हँडल आपणहून असं होत नाही. त्याला कोणीतरी चार किलोमीटर लटकावं लागतं. जाताना चार, येताना चार.

मामा स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन तसेच घरी आले.

"हँडल कोणी उपटलं?"

"कुठलं हँडल?"

"तू मस्त म्हणालीस."

"मग काय म्हणणार? सहा दिवस त्या खड्ड्यात बसला होतात. मिशी उतरवलीत. इंजिन बंद न करताच विचारलंत, कशी, तेव्हाचं तुमचं तोंड आठवा. निकाल लागायचाय अशा पोरासारखं. त्या तोंडावर काय सांगू?"

"आजवर एका गिऱ्हाइकाचं खरं मानलं नाही मी. तुझं मानलं."

"मी गिऱ्हाईक आहे का?"

मामा पलंगाच्या कडेला टेकले. स्क्रूड्रायव्हर मांडीवर. "बरं, आता सांग. कुठे लागतं? मोठ्या दगडाला?"

"मोठ्याला नाही. मोठ्यावर झुलते, ते चालतं. बारीक खडी. एकेक खडा मोजता येतो मला, अहो. हाताने ठोकल्यासारखा."

मामांनी स्वतःच्या डाव्या तळहाताकडे बघितलं. मग म्हणाले, "तळहात हळू दाबतो. दगड हळू मारत नाही." आणि उठून गेले. शॉकअप भारी स्प्रिंगला आवरायला केलेले. हलक्या स्प्रिंगला ते हलूच देत नव्हते. बारीक खडीला ती दबायच्या आत शॉकअप काठीसारखा ताठ होत होता आणि काठीचं टोक मामींच्या पाठीत. गल्लीतलं शेंबडं पोर करणार नाही ती चूक मिस्त्रींनी केली होती, कारण शॉकअप चांगले होते आणि हात त्यांचा होता.

नवे शॉकअप आले. लांबी तीच, पण आत नरम, आणि खाली एक बटण: फिरवलं की खटका, खटक्याला किंचित कडक. आठ खटके. मामांनी दुकानापुढे विटांचे तुकडे दाट पसरले, मामींना गाडीत बसवलं आणि त्यांच्या हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास दिला.

"हे कशाला?"

"तुला विचारणार नाही आता. ग्लासला विचारणार."

विटांवरून जायचं, थांबायचं, उतरून खटका बदलायचा, ग्लास पुन्हा भरायचा. गल्ली जमली. वेल्डर ओरडून ओरडून समालोचन करत होता, "वहिनी, हाताने ग्लास सावरू नका, चीटिंग होतंय!" मामी आतून, "तुम्ही बसा ना मांडीवर, स्प्रिंग लगेच बसेल!" पाचव्या खटक्याला पदर भिजला, तिसऱ्याला बोटं भिजली. दुसऱ्याला पाणी काठापर्यंत आलं आणि तिथंच थरथरलं. मामांनी बटण दोनवर सोडलं. मग हँडलचे स्क्रू घट्ट बसवून त्यांच्या डोक्यावरून अस्तरापर्यंत लाल रंगाची एक बारीक रेघ ओढली. स्क्रू हलला तर रेघ तुटणार. नटबोल्टला ते नेहमी करतात तसं.

त्या बुधवारी मामी खडीवर झोपल्या. तोंड उघडं टाकून. मामांनी परत आल्यावर आधी रेघ बघितली. ती अखंड होती. मग त्यांनी आम्हाला मामींच्या घोरण्याची नक्कल करून दाखवली. त्यांना नक्कल येत नाही. पण कोणी त्यांना तसं म्हणालं नाही.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

नव्या स्प्रिंगा किती बसल्या हे बघायची मामांना खोड. दर बुधवारी निघण्याआधी मामी सीटवर बसल्या की ते तीनदा दाबून गाडी स्थिरावू द्यायचे आणि डाव्या चाकाशी टेप लावायचे. आकडा शटरच्या आतल्या बाजूला खडूने. सगळ्यात वर लिहिलं होतं: रिकामी, पाचशे सेहेचाळीस. त्याखाली: बसून, पाचशे अडतीस. म्हणजे मामी बसल्या की मडगार्ड आठ मिलिमीटर खाली यायचं. स्प्रिंगा बसायच्या तेवढ्या बसून झाल्या होत्या. आता आकडा हलायचं कारण नव्हतं.

पुढच्या बुधवारी पाचशे एकोणचाळीस आलं.

मामांनी पुन्हा मोजलं. टायरची हवा बघितली. टेपचं टोक वाकलंय का बघितलं. त्याच्या पुढच्या बुधवारी तेच आलं, त्याच्या पुढच्याला पाचशे चाळीस. त्यांनी गाडी दुसरीकडे, सपाट लादीवर उभी करून मोजली. उजवी बाजू जिथल्या तिथे होती. मामी उतरल्यावर रिकामी मोजली: पाचशे सेहेचाळीस, केसाचा फरक नाही. वेल्डर म्हणाला, "काय सारखं सारखं मोजता? बाळ आहे का वाढायला?" मामांनी शटर अर्धं खाली ओढलं.

मामी तेव्हा स्वेटरवर शाल घ्यायच्या. वजनकाटा त्यांनी कधीतरी कपाटावर ठेवून दिला होता आणि मामांनी तो खाली काढला नाही. भेटायला येणारे म्हणायचे, चेहऱ्यावर तजेला आलाय. डॉक्टर म्हणायचे, चालू ठेवू. सगळे मिळून बरं बोलत होते आणि मामांकडे एक टेप होती.

गाडीत बसल्या बसल्या मामी काचेतून विचारायच्या, "काय म्हणतेय?"

"बसली किंचित," मामा खालूनच म्हणायचे. "नवी आहे. बसणारच."

"मग बरं."

दर बुधवारी हेच. मला ते दोन्ही आवाज येतात, पण ते मी कधी कोणाला करून दाखवलेले नाहीत. मामा "बसली" म्हणताना शेवटचं अक्षर गिळत नसत. नीट, पूर्ण म्हणायचे. आणि मामींचं "मग बरं" भोंग्यातून यायचं.

दहाव्या फेरीला डॉक्टरांनी मामांना आत बोलावलं. अकरावी, बारावी नको म्हणाले. एवढ्या लांबून आणण्यात आता अर्थ नाही, घरीच आराम पडेल असं बघा. मामा बाहेर आले तेव्हा त्यांना काही सांगावं लागलं नाही. घरी आल्यावर मामींनीच दारात उभं राहून, भिंतीला धरून, त्या जुन्या इस्त्रीच्या आवाजात पुकारलं, "प्रवाशांनी नोंद घ्यावी. पुढील सर्व फेऱ्या रद्द करण्यात आल्या आहेत." आई हसली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. बराच वेळ नळ वाहत होता.

पुढचा बुधवार आला. जायचं कुठेच नव्हतं. सकाळी मामा उगाच चपला घालून बसले होते. मामी म्हणाल्या, "गाडी दारात आणा."

"कशाला?"

"बुधवार आहे. मोजायचं नाही का?"

आईने आणि मामांनी धरून त्यांना सीटवर बसवलं. फार धरावं लागलं नाही, एका हातातही मावल्या असत्या. मामांनी मडगार्डवर तळहात ठेवला, तीनदा दाबलं, खाली बसले. टेप लावली. बसूनच राहिले.

"काय म्हणतेय?"

"बसली किंचित."

काच खाली आली. मामींनी डोकं बाहेर काढलं. आवाज घरातला होता, खरखरीत, मध्येच फुटणारा.

"अहो, स्प्रिंग बसते, उठत नाही. सव्वीस वर्षं ऐकतेय, बहिरी नाही झाले. आकडा सांगा."

मामांनी टेप गुंडाळली. पुन्हा उघडली. "पाचशे एक्केचाळीस."

"पहिल्यांदा किती होता?"

"अडतीस."

"आणि मी नसताना?"

मामी थांबून राहिल्या. त्या थांबल्या की समोरच्याला बोलावंच लागायचं.

"सेहेचाळीस."

मामींनी बोटांवर मोजलं, ओठ हलवत. "म्हणजे अजून पाच आहे मी."

"अगं..."

"पाच कमी नाहीत. तुम्ही एका मिलिमीटरसाठी पोरांना शिव्या घालता." त्यांनी डोकं आत घेतलं आणि शाल सारखी केली. "चला. खाणीपर्यंत जाऊन येऊ."

"आता कशाला त्या खडीवर?"

"माझ्यासाठी बनवलीय ना गाडी? मग? फेरी झोपेतच गेली माझी. जागी राहून बघायचीय. ग्लास आणा."

आईने ग्लास भरून दिला. मामा चाकापाशी बसलेले होते ते गुडघ्यावर हात देऊन उठले, फिरून पलीकडे गेले. जॅक सोडण्याआधी खोकतात तसे खोकले आणि गाडी सुरू केली.

दोन तासांनी परत आले. मामींच्या हातात रिकामा ग्लास.

"सांडलं?" आईने विचारलं.

"प्यायले," मामी म्हणाल्या. "खडीवर. एक थेंब नाही सांडला."

मामा हँडलवरची लाल रेघ बघत होते. ती तशीच होती.

त्यानंतर दोन बुधवार मामी होत्या. त्या दोन बुधवारी मामांनी टेप खिशातून काढली नाही.

पिकअप मामा अजून चालवतात. बंपर परत लावलेलं नाही, शटरच्या आतले आकडे पुसलेले नाहीत. परवा एक नवं गिऱ्हाईक, नुकती मिसरूड फुटलेला पोरगा, मामांना गाडीतून येताना बघून म्हणाला, "मिस्त्री, राग मानू नका, पण तुमचीच गाडी डावीकडून किंचित वर दिसतेय. एखादी चकती टाकली की सरळ होईल."

"आठ मिलिमीटर," मामा म्हणाले. "तुझी गाडी घे आत."